बारावं पान

आजोबांना खऱ्या नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. विजेच्या बिलावर ते नाव यायचं, तेवढंच. एरवी लहानथोर सगळे त्यांना लिमारो म्हणत. दुकानावर हिरव्या अक्षरांत पाटी होती, 'लिमारो बुक बाइंडिंग'. मुलगा शाळेत असताना मास्तर त्याला 'लिमारोचा ना तू?' असं विचारत, आणि आता नातीलाही तोच प्रश्न विचारला जायचा.

नाव आजीनं ठेवलेलं. आजी नदीपलीकडच्या मुलखातली. आजोबा तरुणपणी तिकडे बाइंडिंगचं काम शिकायला गेले, तिथे छापखान्यात कागद दुमडायला बसणारी ही मुलगी त्यांना आवडली आणि लग्न करून ते तिला इकडे घेऊन आले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका संध्याकाळी ते घरात शिरले आणि तिनं त्यांच्याकडे बघून हा शब्द उच्चारला. लिमारो. कानाला गोड लागला. अर्थ विचारला तर म्हणाली, "आमच्याकडे राजाला म्हणतात." आजोबा जे खूश झाले ते चव्वेचाळीस वर्षं खूशच राहिले.

त्या वर्षी वाचनालयानं मुलांसाठी उन्हाळी शिबिर काढलं. सकाळी भाषा आणि दुपारी कला, असा बेत. भाषा कुठली, तर पलीकडचीच. गावात निम्म्या घरांत कुणाची आजी, कुणाचे पणजोबा तिकडून आलेले, पण नातवंडांना त्या भाषेत साधं पाणी मागता येत नव्हतं. तिकडची एक तरुण शिक्षिका गावात बदलून आली होती, ती शिकवायला तयार झाली. दुपारी चित्रं, बाहुल्या, नाटक, आणि शेवटी प्रत्येक मुलानं स्वतःच्या हातानं बांधलेला स्वतःचा शब्दकोश. बांधणी शिकवायला आजोबांशिवाय दुसरं कोण असणार?

बोलावणं आजीलाही आलं होतं. गाणी, गोष्टी, काहीही सांगा म्हणाले. आजीनं हात झटकले. "माझी जीभ गंजली आता. तुम्ही जा, मिरवा."

आजोबा गेले आणि मिरवलेही. शाळेच्या तळमजल्यावरची दोन दालनं शिबिराला दिली होती. एकात बाकं आणि फळा, दुसऱ्यात लांबलचक टेबल, त्यावर पुठ्ठे, खळीचा डबा, मेण लावलेला दोरा आणि दाभणं. पहिल्याच दिवशी बावीस मुलांसमोर उभं राहून आजोबा म्हणाले, "मला सगळे लिमारो म्हणतात. तुम्ही पण म्हणा, लाजू नका."

भाषेच्या बाई खिडकीशी उभ्या होत्या. त्या वळल्या.

"हे नाव कुणी ठेवलं, काका?"

"बायकोनं! ती तुमच्याच बाजूची."

"अच्छा," बाई म्हणाल्या आणि हातातला खडू उगाचच पुसत बसल्या. पुढे तीन आठवडे त्यांनी आजोबांना 'काका' म्हटलं, 'मास्तर' म्हटलं, पण लिमारो एकदाही म्हटलं नाही. नवीन माणूस, संकोच असेल, असं आजोबांना वाटलं.

मुलं मात्र दिवसभर लिमारो, लिमारो करून टेबल डोक्यावर घेत. लिमारो, माझा दोरा गुंतला. लिमारो, हिनं माझी खळ सांडली. आजोबांची तेरा वर्षांची नात त्याच शिबिरात होती, तिची छाती नुसती फुगलेली असायची.

शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी काहीतरी बदललं. दुपारी मुलं टेबलाशी आली ती गुपचूप. ज्याला त्याला दोरा हवा होता, पण हाक आली ती 'आजोबा' अशी. एकानं मारली, दुसऱ्यानं मारली, सगळेच आजोबा म्हणू लागले. घरी जाताना ते नातीला म्हणाले, "बघ, पोरांना माझा लळा लागला. आता मी सगळ्यांचाच आजोबा झालो."  रस्त्यावरचा एक खडा ती पायानं ढकलत होती, तो तिनं आपल्या घरापर्यंत ढकलत नेला.

गुरुवारी बांधणीचा दिवस. शनिवारी आईवडिलांसमोर प्रदर्शन होतं. मुलांनी पानं तयार केली होती, एका पानावर एक शब्द. वर पलीकडच्या लिपीत, खाली आपल्या अक्षरांत, मधोमध चित्र, आणि कोपऱ्यात आकडा. चोवीस शब्द, चोवीस पानं. पानं जुळवायची, ठोकून एकसारखी करायची, कडेला दाभणानं भोकं पाडायची आणि दोरा ओवायचा. पहिला गठ्ठा हातात घेतल्याबरोबर आजोबांच्या अंगठ्याला कळलं की पान कमी आहे. पंचेचाळीस वर्षं पानं मोजलेला अंगठा तो. अकरानंतर एकदम तेरा.

"कुणाचं हे? बारावं कुठाय?"

ज्याचं होतं त्यानं मान खाली घातली. आजोबांनी दुसरा गठ्ठा घेतला. अकरा, तेरा. तिसरा, अकरा, तेरा. नातीचा घेतला, त्यातही तेच.

"अरे, एकजात सगळ्यांना बारा येत नाही होय? शाळेत काय दिवे लावता मग?" आजोबा हसले. एरवी या असल्या विनोदावर टेबल खिदळलं असतं. आज कुणी दात दाखवला नाही. नात म्हणाली, "आजोबा, तसंच शिवा ना. बाईंनी आकडा चुकवला असेल."

"बाई चुकल्या तर चुकल्या, मला विचारून तरी घेऊ दे."

"नको ना!" ती एवढ्या जोरात ओरडली की स्वतःच दचकली.

आजोबा शिवू लागले. दुपार उलटेपर्यंत एकवीस शब्दकोश झाले. बाविसावा गठ्ठा होता सगळ्यांत लहान मुलीचा. तिला सगळे पिटुकली म्हणत. आठवडाभर ती तापानं घरी होती आणि आजच आली होती. पानं तिनं अंथरुणात बसून, बाईंनी सोमवारीच पाठवलेल्या यादीवरून काढली होती. आजोबांनी गठ्ठा ठोकला, अंगठा फिरवला, आणि हा पुरा निघाला. चोवीसच्या चोवीस.

"शाब्बास! एकटीला आकडे येतात," असं म्हणत त्यांनी बारावं पान वर काढलं.

चित्र छान होतं. काळा दरवाजा, दरवाजाला गज, गजांमागे एक लहानसा चेहरा. पुढे एक दांडगा माणूस, कमरेला भलामोठा किल्ल्यांचा जुडगा. खाली पिटुकलीच्या वाटोळ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'लिमारो'. आणि त्याच्याखाली, 'कैद्याला कोंडून ठेवणारा, तुरुंगाचा पहारेकरी'.

आजोबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. अक्षरं होती तिथंच होती.

पिटुकली आनंदानं म्हणाली, "लिमारो, तुमचं नाव आलंय त्यात! मी मुद्दाम छान काढलं." तिला काहीच ठाऊक नव्हतं. बाकीची एकवीस मुलं भिंतीला चिकटल्यासारखी उभी होती. नातीनं तोंड ओंजळीत लपवलं होतं.

हातातलं दाभण खाली ठेवायचं आजोबांना सुचलं नाही. ते तसंच धरून ते शेजारच्या दालनात गेले. बाई बाहुल्यांचे दोरे सोडवत बसल्या होत्या. आजोबांनी पान त्यांच्यापुढे ठेवलं.

"बाई, या शब्दाचा दुसरा काही अर्थ होतो का? लाडानं म्हणतात असा?"

बाई उठून उभ्या राहिल्या. "काका, घराघरात काहीही लाडाचं होतं. आमच्याकडे एका काकूंना सगळे..."

"मी शब्दाचं विचारतोय."

बाईंनी पानाकडे बघितलं. "नाही होत," त्या हळूच म्हणाल्या. "मुलांच्या नाटकात किल्ल्यातल्या तुरुंगाचा प्रसंग आहे. मंगळवारी त्यासाठी शब्द द्यावे लागले. मी दुसरा शब्द शोधत होते, पण त्याला दुसरा शब्दच नाही. फळ्यावर लिहिला आणि वर्ग चिडीचूप झाला. मग तुमच्या नातीनं उभं राहून सगळ्यांकडून वचन घेतलं. ते पान दडवायचं, आणि तुम्हाला त्या नावानं हाक मारायची नाही."

आजोबांना वाटलं, कुणीतरी कानफटात मारावी आणि आवाज मागाहून यावा, तसं हे आहे. मंगळवारपासूनचा सगळा लळा त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. एकवीस पोरं त्यांची कीव करत होती.

शिबिर सुटायची वाट न बघता ते निघाले. गल्लीच्या तोंडाशी न्हाव्यानं हाक मारली, "काय लिमारो, आज लवकर?"  पुढे पानवाला, मग चपलांचा दुकानदार. दर दहा पावलांना कुणीतरी प्रेमानं त्यांना तुरुंगाचा पहारेकरी म्हणत होतं आणि ते सवयीनं हात वर करत होते. दुकानाची पाटी त्यांनी बघितलीच नाही, मान खाली घालून पुढे गेले.

आजी बाजारात गेली असावी. दाराला कुलूप होतं. आजोबांनी खिशातून किल्ली काढली, कुलपात घातली, आणि हात तिथंच थांबला.

त्यांना आठवलं. विसरले होते असं म्हणता यायचं नाही, पण आठवणही काढली नव्हती कधी. नवं लग्न, दोन खोल्यांचं भाड्याचं बिऱ्हाड. त्यांची आई म्हणाली होती, परक्या मुलखातली पोर आहे, भाषा येत नाही, रस्ता चुकेल, नाहीतर जाईल पळून. म्हणून सकाळी आठला इथल्या छापखान्यात कामाला जाताना ते दाराला बाहेरून कुलूप लावत आणि संध्याकाळी सातला येऊन उघडत. रोज. आठ महिने. किल्ली खिशात असायची. आपण बायकोची काळजी घेतो, असं त्यांना तेव्हा वाटायचं, आणि अगदी आत्तापर्यंत, किल्ली हातात धरून उभे राहीपर्यंत, तसंच वाटत आलं होतं.

पायऱ्यांवर पावलं वाजली. आजी भाजीची पिशवी घेऊन वर येत होती. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हातातल्या दाभणाकडे पाहिलं.

"कळलं वाटतं," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"नातीनं मंगळवारीच विचारलं मला. आत चला. जिन्यात नको."

आत आल्यावर तिनं पिशवी ठेवली, पाणी प्याली, त्यांना दिलं. त्यांनी घेतलं नाही.

"राजा म्हणाली होतीस तू."

"मग काय म्हणणार होते? तुमच्या भाषेतले शंभरएक शब्द होते तेव्हा माझ्याकडे. त्यातला तुम्हाला आवडेल असा एक दिला."

"पण का? तुला मारलं नाही, टाकून बोललो नाही..."

"त्या दिवशी खाली इस्त्रीवाल्याकडे कपड्यांनी पेट घेतला होता. आठवतं?"

आजोबांना अंधुक आठवत होतं. कुणीतरी सांगितलं होतं, थोडा धूर झाला, विझवला.

"जिना धुरानं भरला होता," आजी म्हणाली. "दाराखालून आत येत होता. मी दार बडवलं, खिडकीतून ओरडले. माझ्या भाषेत ओरडले, दुसरी येत होती कुठे? खाली माणसं वर बघत होती, पण कुणाला काही कळलं नाही. अर्ध्या तासानं आग विझली. संध्याकाळी तुम्ही कुलूप काढून आत आलात ते शीळ घालत. तेव्हा म्हटलं मी."

आजोबा खाटेवर बसले. 

"आईनं सांगितलं होतं मला..."

"कुलूप आईनं नव्हतं लावलं." तिचा आवाज चढला नव्हता. भाजी निवडताना बोलावं तशी ती बोलत होती, आणि तेच त्यांना सोसवेना.

"चव्वेचाळीस वर्षं, अगं! पाटी रंगवली मी त्या नावाची!"

"दोन वर्षं मी रागानं म्हणत होते. मग तुम्ही पाटी घेऊन आलात, उड्या मारत. गावभर झालं. पाटी उतरवा, म्हणून कसं सांगणार? मग सवय झाली."

"आणि आता? आता म्हणतेस तेव्हा मनात काय असतं?"

आजीनं खरोखर विचार केला. 

"कधी काहीच नसतं," ती म्हणाली. "कधी असतं."

त्या रात्री दोघंही जेवली नाहीत. पहाटे आजोबांचा डोळा लागला आणि जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. घर रिकामं होतं. चुलीवर चहाचं भांडं नव्हतं. खुंटीवरची तिची निळी पिशवी नव्हती आणि दाराशी चपलाही नव्हत्या.

 घरात घालायच्या सपाता तशाच पायात, ते बसस्थानकावर धावले. पलीकडे जाणारी बस साडेसातलाच सुटली होती.

"एक म्हातारी बाई होती का? निळी पिशवी?" त्यांनी खिडकीतल्या माणसाला विचारलं.

"आजोबा, बसभर म्हाताऱ्याच होत्या. पिशव्या कुठे बघू?"

सत्तर वर्षांच्या माणसानं बसस्थानकात रडू नये, एवढं भान त्यांना होतं. नातीला सांगायला हवं म्हणून ते शाळेकडे निघाले. कसं सांगायचं ते जुळवत व्हरांड्यातून जात असताना त्यांना हसण्याचा आवाज आला. मोठ्यानं, घशातून, बेछूट हसणं. कुणीतरी तरणीताठी बाई हसत असावी.

दारातून बघितलं तर ती आजी होती.

फळ्यापाशी उभी राहून, दोन्ही हात हवेत नाचवत ती काहीतरी सांगत होती, आणि पलीकडची भाषा तिच्या तोंडातून धो धो वाहत होती. ती जीभ कुठेच गंजलेली नव्हती. मधेच तिनं नाक चिमटीत धरून कुणाची तरी नक्कल केली, बाई डोळे पुसत हसल्या, मुलं निम्मं कळून आणि निम्मं न कळून हसली. चव्वेचाळीस वर्षांत आजोबांनी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. तिचा आवाजसुद्धा निराळा होता, जाड, बिनधास्त. ही बाई त्यांच्या घरात राहत होती आणि त्यांची तिच्याशी ओळख नव्हती. कालच्या पानानं बसला नव्हता एवढा धक्का त्यांना या हसण्यानं बसला.

आजीनं त्यांना पाहिलं. बोलणं थांबवलं नाही. हातानं फक्त बाकाकडे खूण केली.

ते शेवटच्या बाकावर बसले, गुडघे छातीशी घेऊन. शेजारी पिटुकली होती. तिच्या तापातून उठलेल्या चेहऱ्यावर आज भीती होती. काय झालं ते तिला कुणीतरी सांगितलं असावं.

"आजोबा, मी पान फाडून टाकू?"

"नको," आजोबा म्हणाले. "आजी काय सांगतेय ते सांग मला."

"नावेतून पडल्याची गोष्ट आहे. लहान असताना. ती पडली नव्हती, तिनं उडी मारली होती, पैज लावून!" मग कानाशी येऊन, "म्हणजे मला वाटतं तसं. 'उडी' कळलं मला, 'पैज' नीट नाही कळलं."

मधल्या सुट्टीत नातीनं आजीला विचारलं, बाराव्या पानाचं काय करायचं. आजी म्हणाली, "घाला की. शब्द आहे तो, त्यानं काय घोडं मारलंय? उद्या तुम्ही तिकडे गेलात आणि कुणी तो वापरला तर समजायला नको?"

एकवीस मुलांनी दप्तरात, वह्यांत दडवलेली पानं बाहेर काढली. आजोबांनी शुक्रवारची सगळी दुपार एकवीस शब्दकोशांचे टाके उसवण्यात घालवली. प्रत्येकात बारावं पान घातलं, आणि प्रत्येक पानावरचा माणूस बघितला. कुणी त्याला मिशा काढल्या होत्या, कुणी तलवार. एकात तो झोपला होता. नातीच्या पानावर आधी कपाळावर चष्मा काढून मग खोडला होता, कागदावर रबराचा डाग राहिला होता. ते पान त्यांनी जरा जास्त वेळ हातात धरलं. मग जागेवर ठेवलं, ठोकलं आणि शिवलं. नात समोर बसून दोऱ्याला मेण लावून देत होती.

"आजोबा, तुम्ही माझ्यावर रागावलात?"

"तुझ्यावर?" आजोबा म्हणाले. "तू झाकलंस ते माझ्यासाठी. रागवायचं असेल तर मलाच रागव."

"आजीनं सांगितलं मला. कुलपाचं." ती दोऱ्याकडे बघत होती. "मला खूप राग आला तुमचा. अजून आहे थोडा."

"असू दे," आजोबा म्हणाले. त्यांनी पुढच्या शब्दकोशाचा टाका उसवला.

प्रदर्शन झालं, नाटक झालं, टाळ्या झाल्या. सोमवारी आजोबांनी पाटी उतरवली. लोकांनी कारण विचारलं तेव्हा ते खरं सांगू लागले. पहिल्यांदा न्हाव्याला सांगितलं, तर त्याच्या हातातला वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. काही जणांनी हाक बदलली. बऱ्याच जणांना जमलं नाही. हाक आली की आजोबांना अजून कुठेतरी टोचतं, आणि टोचावं हे बरोबरच आहे असं ते म्हणतात.

महिनाभरानं आजी म्हणाली की तिला धाकट्या बहिणीकडे जायचं आहे. एकटीनं. किती दिवस ते सांगितलं नाही. आजोबांनी विचारलं नाही. "सोडायला येऊ?" एवढं विचारलं, तर म्हणाली, "कोपऱ्यापर्यंत या."

भाषेच्या बाई आता मोठ्यांसाठी संध्याकाळचा वर्ग घेतात. तिथे आजोबा पहिल्या बाकावर बसतात आणि सगळ्यांत जास्त चुकतात. पिटुकली कधीमधी येऊन त्यांचा गृहपाठ तपासते आणि लाल शाईनं काट मारते.

आजीला जाऊन सातवा आठवडा लागला तेव्हा तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग ती तिच्या भाषेत एक वाक्य बोलली, भराभर. आजोबांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"छत्री," ते म्हणाले. "छत्री हरवली?"

"हरवली नाही. उडाली."

"थांब, थांब. पुन्हा सांग. सावकाश."